पेंचचे पाणी वाटून झाले, ते चालवायचे कोणी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: मध्य प्रदेशाने छिंदवाडा जिल्ह्यात पेंच नदीवर चौराई धरण बांधल्यापासून खाली नागपूरला पाणी देणाऱ्या तोतलाडोह धरणात पूर्वीसारखे पाणी येत नाही, मग नागपूरने न्यायालयात जावे की बोलणी करावीत? आणि पाण्याची वाटणी करारात लिहिलेली असताना ‘सहकार्य’ म्हणजे आणखी वेगळे काय करायचे असते?

मी पाटबंधारे खात्यात अभियंता होतो आणि नोकरीचा मोठा काळ पेंच-वैनगंगेच्या खोऱ्यात गेला. त्या अनुभवावरून सांगतो की न्यायालयात जाऊन फारसे हाती लागणार नाही. बोलणी नुसती ‘आमच्या वाट्याचे पाणी सोडा’ एवढीच असतील तर त्यांतूनही काही निघणार नाही. वाटणी झालेली आहे. वाटणीनंतर नदी रोज चालवावी लागते, आणि ते काम दोन राज्यांनी मिळून करावे अशी व्यवस्था आपल्याकडे उभी राहिली नाही. खरी अडचण तिथे आहे.

आधी नकाशा डोळ्यांसमोर घ्या. पेंच छिंदवाड्यातून येते, तोतलाडोह आणि नवेगाव खैरी या धरणांतून उतरून कन्हानला मिळते. कन्हानही छिंदवाड्यातलीच. ती वैनगंगेला मिळते आणि वैनगंगा सिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याहून आलेली असते. वर्धा नदी बैतुल जिल्ह्यात उगम पावते. पुढे वर्धा आणि वैनगंगा एकत्र येऊन प्राणहिता होते आणि ती सिरोंचाजवळ गोदावरीत जाते. म्हणजे पूर्व विदर्भाच्या मोठ्या नद्यांचे पहिले पाणी मध्य प्रदेशात पडते आणि शेवटचे तेलंगणाकडे जाते. आपण मधले आहोत. मधल्याला वरच्याकडे मागायचेही असते आणि खालच्याला द्यायचेही असते. नागपुरात पाण्याची चर्चा निघाली की यातला दुसरा भाग सहसा कोणी काढत नाही. त्यावर पुढे येतोच.

चौराईबद्दल एक गोष्ट नागपूरकरांना आवडणार नाही, पण ती मान्य केल्याशिवाय पुढची बोलणी होत नाहीत. पेंचच्या पाण्यात मध्य प्रदेशाचा वाटा साठच्या दशकातल्या करारापासून ठरलेला होता. बरीच वर्षे त्यांनी तो पूर्ण वापरला नाही, कारण अडवायला धरणच नव्हते. तो न वापरलेला वाटा खाली तोतलाडोहात येत राहिला. त्याच्या भरवशावर आपण शहर वाढवले, औष्णिक वीज केंद्रांना पाणी दिले आणि रामटेक, पारशिवनी, मौद्याकडे कालव्याखाली धान वाढवला. चौराईत चारशे दलघमीहून जास्त, म्हणजे चाळीस कोटी घनमीटरच्या वर पाणी मावते. ते धरण भरू लागले तेव्हा आपले पाणी चोरीला गेले असे इथे वाटले. कागदावर बघितले तर त्यांनी आपला वाटा घ्यायला सुरुवात केली होती. ‘चोर’ हा शब्द घेऊन बैठकीला गेलात तर समोरचा अभियंता फाइल मिटतो, हे मी पाहिले आहे.

त्याचा फटका २०१९ साली बसला. तोतलाडोहाची क्षमता हजार दलघमीच्या आसपास, पण त्या उन्हाळ्यात धरण मृत साठ्याला, म्हणजे नेहमीच्या मार्गाने काढता न येणाऱ्या तळच्या पाण्याला, टेकले. पाऊस लांबला आणि जुलैत महापालिकेला शहरात एक दिवसाआड पाणी द्यावे लागले. ज्या शहरात मे महिन्यात कूलरच घरटी कितीतरी बादल्या पितो, तिथे हे लोकांना नवे होते. आणि त्याच वर्षी सप्टेंबरात तोतलाडोह भरले! पाऊस खोऱ्यात पडत होता, वरचे धरण आधी भरत होते, ते भरल्यावरच खाली येवा, म्हणजे धरणात येणारे पाणी, वाढणार होता. चौराईत रोज किती साठा आहे, किती येवा आहे आणि आठवड्याने द्वारे उघडायची शक्यता किती, हे नागपूरच्या टेबलावर रोज असते तर कपात कधी लावायची, कधी उठवायची आणि धानाच्या रोवणीला कालव्यातून पाणी द्यायचे की नाही, हे अंदाजपंचे ठरवावे लागले नसते. शहराला टंचाई टँकरने थोडीफार निभावून नेता येते. शेतकऱ्याचे परे, म्हणजे धानाची रोपे, वाढून रोवणीची वेळ टळली की हंगाम गेला.

आता न्यायालयाचे. कावेरीचे उदाहरण घ्या. लवाद १९९० मध्ये नेमला गेला, अंतिम निवाडा २००७ मध्ये आला, सर्वोच्च न्यायालयाचा निकाल २०१८ मध्ये आणि त्याच वर्षी पाणी व्यवस्थापन प्राधिकरण बसले. इतके होऊनही २०२३ मध्ये पाऊस कमी पडला आणि कर्नाटकात पुन्हा बंद पुकारले गेले. निवाड्यात महिनावार आकडे असतात, पण ते बऱ्या वर्षाचे. वाईट वर्षात कोणी किती सोसायचे हे नदीकाठी, त्या आठवड्यात ठरवावे लागते. आपल्या गोदावरीचा लवाद १९६९ मध्ये नेमला गेला, न्या. बच्छावत त्याचे अध्यक्ष होते, आणि अंतिम निवाडा १९८० मध्ये आला. त्यात राज्याराज्यांनी आपसात केलेल्या करारांना मोठे स्थान आहे. म्हणजे या खोऱ्यात भांडून नव्हे, बसून ठरवण्याची परंपरा आहे. मात्र बसणे ठरवण्यापुरतेच राहिले. १९५६ मध्ये संसदेने नदी मंडळांचा कायदाही केला होता, पण त्या कायद्याखाली आजवर एकही मंडळ स्थापन झालेले नाही.

मग रोज नदी चालवणारी संस्था देशात कुठे आहे का? आहे. तुंगभद्रा मंडळ १९५३ पासून काम करते. कर्नाटक आणि आंध्र, नंतर तेलंगणाही, यांच्यातले राजकीय वातावरण कसेही असो, मंडळाचे काम चालू राहते. पावसाळ्याच्या तोंडावर ते वर्षाचा अंदाज बांधून एक तक्ता करते: धरणात एवढे पाणी येईल, बाष्पीभवनात एवढे जाईल, उरलेल्यात अमुक कालव्याला इतके आणि तमुकला इतके. प्रत्यक्ष येवा जसा कळतो तसा तक्ता दुरुस्त होतो. पाणी कमी आले की सगळ्यांचा वाटा त्याच प्रमाणात कमी होतो. कोणाला तार करावी लागत नाही, कोणाला मोर्चा काढावा लागत नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये त्या धरणाचे एकोणिसावे द्वार वाहून गेले तेव्हा आठवडाभरात तिथे तात्पुरते अडसर बसवून पाणी थांबवले गेले. धरणाचे कोण, हा वाद घालत बसले असते तर त्या हंगामाचे पाणी समुद्राला मिळाले असते.

परदेशातही उदाहरण आहे. आफ्रिकेत सेनेगल नदीवर माली, मॉरिटानिया आणि सेनेगल यांनी १९७२ मध्ये संस्था काढली. तिची धरणे ज्या देशाच्या जमिनीवर आहेत त्याच्या एकट्याच्या मालकीची नाहीत, ती सामाईक आहेत. हे वाचून आपल्याला अशक्य वाटते, पण तोतलाडोह मुळात याच विचाराचे आहे. धरण महाराष्ट्रात, पेंच जलविद्युत केंद्र १६० मेगावॅटचे, आणि त्याच्या विजेत दोन तृतीयांश वाटा मध्य प्रदेशाचा तर एक तृतीयांश आपला. म्हणजे सामाईक धरण कसे चालवायचे हे या दोन्ही राज्यांना ठाऊक आहे. चौराई त्या व्यवस्थेच्या बाहेर राहिले, एवढेच.

या विजेच्या वाट्यातच बोलणीची किल्ली आहे असे माझे मत आहे. चौराईत अडलेले पाणी तोतलाडोहच्या टर्बाइनवरून जात नाही. त्यात मध्य प्रदेशाचे विजेचे नुकसान आपल्यापेक्षा जास्त, कारण दोन भाग त्यांचे. तेव्हा ‘आमच्यावर दया करा’ असे म्हणत जायचे कारण नाही. त्यांच्या सिंचन खात्याचा आणि वीज कंपनीचा हिशेब एका कागदावर मांडून जायचे.

त्या कागदावर पुढची ओळ धरण भरण्याच्या वेळापत्रकाची असावी. प्रत्येक मोठ्या धरणाला द्वार परिचालनाचा आराखडा असतो. जुलैअखेर किती टक्के भरायचे, ऑगस्टमध्ये किती आणि सप्टेंबरअखेर पूर्ण कधी करायचे, हे त्यात असते. वरचे धरण पहिल्याच पावसात गच्च भरले की दोन तोटे होतात. जुलैत खालचे धरण कोरडे राहते, आणि ऑगस्टअखेर मोठा पाऊस आला की वर साठवायला जागाच नसते, सगळे पाणी एका दमात खाली येते. टंचाई आणि पूर या दोन्हींवर उपाय एकच: वरच्या धरणाने जुलैत थोडी जागा मोकळी ठेवावी आणि तेवढे पाणी खाली सोडावे.

यात मध्य प्रदेशाचा धोका खरा आहे. जुलैत पाणी सोडले आणि सप्टेंबरात पाऊस आलाच नाही, तर चौराईच्या कालव्यावरच्या शेतकऱ्याने रब्बीला काय करायचे? तोतलाडोहचे पाणी उलटे चढवता येत नाही. म्हणून त्या धोक्याची भरपाई आपण आधीच कबूल करायला हवी. अशा वर्षी तोतलाडोहच्या विजेतला आपला हिस्सा त्यांना द्यावा, किंवा ठरलेल्या दराने पैसे द्यावेत. कन्हानवरच्या जामघाट प्रकल्पाची चर्चा दोन्ही राज्यांत चालू आहे, त्यात नागपूरला पिण्याचे पाणी आणि छिंदवाड्याला सिंचन असा विचार आहे. तिथल्या खर्चात आपला भार वाढवून घेणे हाही मार्ग होऊ शकतो. १० मे २०२५ रोजी भोपाळमध्ये दोन्ही राज्यांनी तापी पुनर्भरण प्रकल्पावर सह्या केल्या. त्या टेबलावर पेंचचे वेळापत्रक ठेवता येणार नाही असे मला वाटत नाही.

पुराचे उदाहरण मुद्दाम वेगळे सांगतो, कारण त्यात घरे बुडाली. ऑगस्ट २०२०च्या अखेरीस मध्य प्रदेशात मुसळधार पाऊस झाला. सिवनीतल्या संजय सरोवरातून वैनगंगेत आणि पेंच-कन्हानच्या धरणांतून एकाच सुमारास मोठा विसर्ग आला. वैनगंगेवरच्या गोसेखुर्द धरणाची सगळी तेहतीस द्वारे उघडावी लागली. भंडारा शहरात पाणी शिरले, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीची गावे पाण्याखाली गेली. त्या दिवशी विदर्भात म्हणावा तसा पाऊस नव्हता, म्हणून लोक बेसावध राहिले. धरणातून सुटलेल्या पाण्याला भंडाऱ्यापर्यंत यायला बरेच तास लागतात, आणि तेवढ्या तासांत म्हाताऱ्या माणसांना, जनावरांना आणि धान्याच्या पोत्यांना उंचावर नेता येते. पण तो आकडा ग्रामपंचायतीपर्यंत पोचायला हवा.

माझ्या नोकरीत वरच्या धरणाचा आकडा बहुतेक वेळा ओळखीवर मिळे. तिकडचा एखादा उपअभियंता आवाजाने ओळखीचा झालेला असे. रात्री दोनला फोन केला तरी तो पातळी सांगे, आणि मी आमची सांगे. अशा माणसांनी किती गावे वाचवली त्याची नोंद कुठे नाही. पण त्याची बदली झाली की ती तार तुटायची. आता वास्तविक वेळेत आकडे पाठवणारी पर्जन्यमापके आणि पातळीमापके अनेक ठिकाणी बसली आहेत. केंद्रीय जल आयोगाची पूर अंदाज केंद्रे आहेत, हवामान खात्याचे प्रादेशिक केंद्र नागपुरातच आहे. यंत्रे आहेत. दोन राज्यांच्या नियंत्रण कक्षांनी पावसाळाभर एकाच पडद्यावर तेच आकडे बघावेत, आणि विसर्ग ठरावीक मर्यादेपुढे नेण्याआधी खालच्याला लेखी कळवल्याशिवाय द्वार हलवू नये, असा बंधनकारक नियम हवा. याला नवीन धरण लागत नाही.

आता आपल्या वागण्याकडे येऊ. नाग नदी अंबाझरीच्या बाजूने शहरात शिरते आणि शहरातून बाहेर पडते तेव्हा ती काय असते ते पारडीच्या पुलावर उभे राहिलात तर सांगावे लागणार नाही. ती कन्हानला मिळते, कन्हान वैनगंगेला, आणि ते सगळे गोसेखुर्दच्या जलाशयात थांबते. भंडारा शहर आणि काठची गावे तेच पाणी पितात. तिथले ढिवर त्यातच मासे धरतात. भंडाऱ्याच्या नागरिकांनी यावर वर्षानुवर्षे आवाज उठवला आहे. नागपूरने चौराईबद्दल जितक्या पोटतिडकीने बोलायचे, तितक्याच पोटतिडकीने भंडारेकर नाग नदीबद्दल बोलतात, आणि त्यांची बाजू आपल्यापेक्षा भक्कम आहे. मध्य प्रदेशाने निदान आपल्या वाट्याचे पाणी घेतले. आपण खालच्याला सांडपाणी पाठवतो, त्याला कुठल्या कराराचा आधार आहे?

इथे नागपूरने एक चांगले काम केले आहे, तेही सांगायला हवे. भांडेवाडीला सांडपाणी शुद्ध करून दिवसाला १३ कोटी लिटर पाणी कोराडीच्या औष्णिक केंद्राला देण्याची योजना झाली आणि नंतर २० कोटी लिटरचा प्रकल्पही उभा राहिला. जितके शुद्ध केलेले सांडपाणी वीज केंद्राकडे जाते तितके पेंचचे गोडे पाणी धरणात शिल्लक राहते आणि तितकी घाण नाग नदीत कमी पडते. एका नळाने वरच्यावरचे ओझेही कमी होते आणि खालच्यावरचेही. नाग नदीच्या प्रदूषण निर्मूलनाचा मोठा प्रकल्प मंजूर झाला आहे, डिसेंबर २०२२ मध्ये त्याची पायाभरणी झाली. तो वेळेत पुरा होतो की नाही यावर चौराईच्या बैठकीत आपल्या शब्दाला किती वजन राहते तेही अवलंबून आहे. शहराच्या नळगळतीचेही तसेच. उघड्या कालव्याने पाणी आणायचे बंद करून पाइपलाइन टाकली हे योग्यच झाले, पण शहरात शिरल्यानंतर बिलात न येणारे पाणी अजून फार आहे. समोरचे राज्य हा आकडा काढून दाखवते आणि आपल्याकडे उत्तर नसते.

खालच्या टोकाला, सिरोंचात, आपली बाजू पुन्हा पालटते. ऑगस्ट २०१६ मध्ये महाराष्ट्र आणि तेलंगणाने मेडीगड्डा, तुम्मिडीहेट्टी आणि चनाखा-कोरटा या बंधाऱ्यांचा करार केला. मेडीगड्डाची पातळी शंभर मीटर ठरली, तुम्मिडीहेट्टीची १५२ वरून १४८ वर आली. पातळीवर घासाघीस झाली, ती व्हायलाच हवी होती. पण बंधारा झाल्यावर पुराच्या वेळी सिरोंचा तालुक्यातली शेती पाण्याखाली गेली तर पंचनामा कोणी करायचा, भरपाई कोणी आणि किती दिवसांत द्यायची, हे पातळीइतक्याच तपशिलाने ठरायला हवे होते. तिथल्या शेतकऱ्यांना आंदोलने करावी लागली. ऑक्टोबर २०२३ मध्ये मेडीगड्डाचे खांब खचले, तेव्हा नदीपलीकडच्या राज्याच्या बांधकामाची सुरक्षितता हा अलीकडच्या गावांचाही प्रश्न असतो हे सगळ्यांनी पाहिले. करार भिंतीच्या उंचीवर संपतो आणि त्रास तिथून सुरू होतो. सामाईक पाण्याच्या बहुतेक करारांचा हा दोष आहे.

तुम्ही विचाराल, आपल्या मातीत असा दैनंदिन कारभार कधी होता का? होता. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत जुने मालगुजारी तलाव आहेत, सहा हजारांहून जास्त. कोहळी समाजाने त्यातले कितीतरी बांधले. एका तलावाचा सांडवा पुढच्या तलावात उतरतो, म्हणजे वरचे गाव आणि खालचे गाव हा प्रश्न तिथेही होता. कोणाच्या बांधीला आधी पाणी, गाळ कोणी काढायचा, निस्ताराचे, म्हणजे घरगुती वापराचे, हक्क कोणाचे, हे गावच्या वाजिब-उल-अर्जमध्ये, म्हणजे रूढी-हक्कांच्या नोंदवहीत, नोंदलेले असे. मालगुजारीत जुलूमही होता, तो काळ परत यावा असे मी म्हणणार नाही. पण मालगुजारी गेली तेव्हा तलाव सरकारकडे आले आणि रोजची देखरेख कोणाकडेच राहिली नाही, हे मात्र खरे. पुष्कळ तलाव गाळाने आणि बेशरमाच्या झुडपांनी भरले. पाणी होते, हक्क होते, चालवणारा हात तेवढा गेला.

भूजलावर फार लिहीत नाही, पण काटोल-नरखेडची संत्र्याची बाग सीमेवर थांबत नाही, पुढे पांढुर्णा-सौंसरपर्यंत जाते. खडकातले पाणी एकच. दोन्हीकडे बोअर खोल चालले आहेत आणि इकडच्या गावाने बोअरवर बंदी घातली तरी पलीकडच्याने नाही घातली तर इकडचा शेतकरी फुकट सोसतो. तिथे राज्य सरकारांपेक्षा सीमेवरच्या ग्रामपंचायतींनीच एकत्र बसलेले बरे. सोयरिकी दोन्हीकडे आहेत, बोलणे सोपे आहे.

वैनगंगा-नळगंगा जोड प्रकल्पाबद्दल तुम्ही विचारले नाही, पण तो याच चर्चेत येतो. गोसेखुर्दमधून बुलढाण्यापर्यंत ४२६ किलोमीटरचा कालवा, त्याला राज्य मंत्रिमंडळाने ऑगस्ट २०२४ मध्ये मंजुरी दिली. पश्चिम विदर्भाला पाण्याची गरज आहे, यात शंका नाही. पण गोसेखुर्दमध्ये येणारे पाणी वर मध्य प्रदेश किती वापरतो यावर आणि नागपूर किती घाण सोडते यावर ठरणार आहे. वरचा आकडा बंधनकारक न करता खाली एवढा लांब कालवा खोदणे मला धोक्याचे वाटते.

शेवटी, तुम्ही स्वतः काय करू शकता हे विचारले आहे म्हणून. दरवर्षी १५ ऑक्टोबरचा साठा धरून धरणाचे वर्षाचे नियोजन होते आणि त्यानंतर कालवा सल्लागार समितीची बैठक असते. पालकमंत्री, आमदार, पाणीवापर संस्थांचे लोक आणि अधिकारी तिथे असतात. तोतलाडोहच्या साठ्याचा कागद तिथे वाटला जातो. त्या बैठकीच्या आधी, सप्टेंबरातच, आपल्या आमदाराला आणि तुमच्या भागातल्या पाणीवापर संस्थेच्या अध्यक्षांना एक लेखी मागणी द्या: त्याच कागदावर चौराईचा त्या तारखेचा साठा आणि रब्बीचा नियोजित वापर असावा, आणि छिंदवाड्याच्या कार्यकारी अभियंत्यांना त्या बैठकीचे निमंत्रण जावे. ते पहिल्या वर्षी येणार नाहीत कदाचित. दुसऱ्या वर्षी पुन्हा पत्र पाठवा, आणि सोबत नाग नदीच्या शुद्धीकरणाचा त्या वर्षीचा आकडा भंडाऱ्याच्या जिल्हाधिकाऱ्यांनाही पाठवायला लावा.